बी.एड.ची मेथड बारावीच्या निकालादिवशीच ठरते

"सर, बी.एड.ला कोणती मेथड घेऊ?"

हा प्रश्न आम्हाला दर उन्हाळ्यात विचारला जातो. सीईटीचे निकाल लागले की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले आम्ही काही कार्यकर्ते विहारात लॅपटॉप घेऊन बसतो, प्रवेशाचे अर्ज भरून देतो, कागदपत्रे तपासतो. समोरच्या मुलाचे किंवा मुलीचे बी.ए. झालेले असते, सीईटीत गुण बरे पडलेले असतात, घरच्यांनी पहिल्या हप्त्याची जुळवाजुळव केलेली असते. आणि मग हा प्रश्न येतो. त्याचे खरे उत्तर देणे आम्हाला जड जाते, कारण तो तीन वर्षे उशिरा विचारलेला असतो.

माण तालुक्यातली एक मुलगी अशीच आली होती. बी.ए. समाजशास्त्र, ५८ टक्के. घराण्यातली पहिली पदवीधर. तिला वाटत होते की आपण समाजशास्त्र शिकलो, म्हणजे शाळेत समाजशास्त्र शिकवू. दहावीपर्यंतच्या वेळापत्रकात समाजशास्त्राचा तासच नसतो, हे तिला कुणी सांगितले नव्हते. ज्या कॉलेजात ती तीन वर्षे शिकली तिथे नाही, आणि आपल्या विहारात दर रविवारी ती येत होती तिथेही नाही. "पहिल्या वर्षाला इतिहास होता ना? मग इतिहास टाका, सगळे तेच टाकतात," असे एका कॉलेजच्या खिडकीवर तिला सांगण्यात आले. तिने तेच टाकले.

या 'सगळे तेच टाकतात'वरच आज बोलायचे आहे.

प्रवेशाच्या अटींपासून सुरुवात करू, कारण त्याबद्दल आपल्याकडे बऱ्याच अफवा आहेत. बी.एड.ला बसायला पदवी लागते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला किमान ५० टक्के गुण हवेत; अभियांत्रिकीच्या पदवीधरांना ५५ टक्के. महाराष्ट्रात मागासवर्गीय उमेदवारांना ही अट ४५ टक्क्यांची आहे. यातला 'किंवा' हा शब्द फार मोलाचा आहे. बी.ए.ला ४३ टक्के पडले म्हणून शिक्षक होण्याचा नाद सोडून दिलेली मुले आम्ही पाहिली आहेत. त्यातल्या कुणी पुढे एम.ए. केले आणि तिथे अट पूर्ण झाली, तर दार पुन्हा उघडते. शेवटच्या वर्षाला असतानाच सीईटी देता येते, निकालाची वाट पाहत एक वर्ष घालवायची गरज नाही, हेही पुष्कळांना माहीत नसते.

सीईटी १०० गुणांची असते. १०० प्रश्न, ९० मिनिटे, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, ३० सामान्य ज्ञानाचे, ३० शिक्षक अभियोग्यतेचे. ज्यांना इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात जायचे आहे त्यांना इंग्रजीची वेगळी चाचणी द्यावी लागते. आता बारकाईने पाहा: या परीक्षेत तुमच्या विषयाचा एकही प्रश्न नाही. तुम्ही गणित शिकवणार की मराठी, याच्याशी सीईटीला देणेघेणे नाही. ती फक्त तुमचा कॉलेजातला क्रमांक ठरवते. तुम्ही काय शिकवणार हे ठरवते तुमची पदवी. मेथड, म्हणजे अध्यापन पद्धतीचा विषय, पदवीला शिकलेल्या विषयाला धरूनच मिळते. पदवीचे विषय ठरतात बारावीनंतर कॉलेजचा फॉर्म भरताना, आणि तो फॉर्म आपली मुले बहुतेक वेळा मित्राच्या फॉर्मकडे बघून भरतात.

आता शाळेच्या बाजूने हिशेब मांडू. महाराष्ट्र राज्य मंडळाची दहावी ६०० गुणांची आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान यांचे प्रत्येकी १००, आणि सामाजिक शास्त्रांचे १००. या शेवटच्या शंभरात इतिहास व राज्यशास्त्र मिळून ४० गुणांची एक प्रश्नपत्रिका, भूगोलाची ४० गुणांची दुसरी, आणि अंतर्गत गुण २०. म्हणजे इतिहास आणि राज्यशास्त्र हे दोन विषय मिळून सहाशेपैकी चाळीस गुणांच्या लेखी परीक्षेत बसतात. शाळेतले तास साधारण याच प्रमाणात वाटले जातात, आणि शिक्षकांची गरज तासांवर ठरते. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, वाणिज्य यांचे स्वतंत्र तास अकरावीपासून पुढे. तिथे शिकवायला बी.एड.बरोबर त्या विषयाची पदव्युत्तर पदवी लागते. नुसत्या बी.कॉम.-बी.एड.ला किंवा बी.ए. समाजशास्त्र-बी.एड.ला शाळेत स्वतःच्या विषयाची जागा जवळजवळ नाही.

आणि आपली मुले कुठे आहेत? आमच्यासमोर येणाऱ्या अर्जांमध्ये समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र आणि मराठी यांचीच रांग असते. भूगोल क्वचित. इंग्रजी विशेष घेतलेले बोटावर मोजण्याइतके. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली बौद्ध मुलगी बी.एड.च्या अर्जासाठी आली की आम्ही एकमेकांकडे पाहतो, इतके ते दुर्मिळ. आमचा हा अनुभव दोन जिल्ह्यांच्या काही तालुक्यांपुरता आहे, तो आकडेवारी म्हणून कुणी वापरू नये. पण वाचकांनी आपापल्या गावातली शेवटची दहा बी.एड. झालेली मुले आठवून पाहावीत.

याची कारणे मुलांच्या कुवतीत शोधणारे लोक आहेत. आपल्यातही आहेत. 'आपल्या पोरांना गणित जमत नाही' हे वाक्य आम्ही धम्म परिषदेच्या मंडपामागे, चहा पिताना, आपल्याच निवृत्त शिक्षकाच्या तोंडून ऐकले आहे. कारण तालुक्याच्या नकाशात आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यात गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखा असते. विज्ञान शाखा असलीच तर प्रयोगशाळा नावाची खोली असते. गणिताच्या खाजगी शिकवण्या तालुक्याच्या गावी, आणि एसटीचा पास, खोलीचे भाडे, शिकवणीची फी हे तीन आकडे एकत्र केले की ऊसतोडीला किंवा गवंडीकामाला जाणाऱ्या बापाला कला शाखाच परवडते. विषयाची निवड झाली असे आपण म्हणतो. घरी जे परवडले त्याला निवड म्हणायचे का?

या जिल्ह्यात तरी हा प्रश्न नवा वाटू नये. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी हायस्कूलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. त्याचा रजिस्टर क्रमांक १९१४. हा दिवस राज्यात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, आपण मिरवणुका काढतो, रजिस्टरच्या पानाचे फोटो एकमेकांना पाठवतो. पण पुढची गोष्ट कमी सांगतो. मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गेल्यावर त्या मुलाला संस्कृत शिकायचे होते आणि ते शिकवायला नकार मिळाला. त्याला फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या कष्टाने मिळवले. विषय नाकारण्याची ती रीत उघड होती, जातीचे नाव घेऊन होती. आज कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. आज फक्त गावात ती तुकडी नसते.

आणखी एक गोष्ट याच जिल्ह्याची. सावित्रीबाई फुले खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. त्यांनी शिकवायला लागण्यासाठी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते. बाबासाहेबांचे वडील रामजी हे लष्करी शाळेत शिक्षक आणि मग मुख्याध्यापक होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली, सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह चालवले. पुढे शाळा वाढवायच्या तर शिक्षक घडवावे लागतील हे ओळखून अध्यापक विद्यालयही सुरू केले. तेव्हा शिक्षकी पेशा हा आपल्याकडे केवळ नोकरीचा मार्ग म्हणून आलेला नाही. हे आम्ही भावनेच्या भरात सांगत नाही. वर्गात उभा राहणारा माणूस कोण आहे, यावर पहिल्या बाकावर कोण बसतो हे ठरते, हे आपल्या आजोबांनी पाहिलेले आहे.

इथे आमच्यातच एक मतभेद आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आमच्या एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की, नोकरीच्या जागा मोजून विषय घ्या असे सांगणे म्हणजे चळवळीचा विषय सोडून देणे. इतिहासाचा तास दुसऱ्याच्या हाती दिला तर महाडचा सत्याग्रह दोन ओळींत आणि पेशव्यांचा पराक्रम दोन तासांत, असे वर्षानुवर्षे चालेल. नागरिकशास्त्रात संविधान आहे, ते कुणी शिकवायचे? हा मुद्दा हलका नाही. ज्यांना इतिहासाची खरी ओढ आहे, ज्यांनी तो वाचला आहे, त्यांनी इतिहासच घ्यावा, एम.ए. करावे, आणि कनिष्ठ महाविद्यालयापर्यंत जावे. आमचे भांडण आहे ते नाइलाजाने आलेल्या इतिहासाशी. ज्या मुलाने तीन वर्षांत पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक पान वाचले नाही, त्याच्या हाती इतिहासाचा तास दिल्याने चळवळीचे काही भले होत नाही. आणि गणिताच्या तासाला फळ्यापाशी आपली बाई उभी असणे, हेही चळवळीचेच काम आहे. 'आपल्या पोरांना गणित जमत नाही' या वाक्याला त्याहून चांगले उत्तर आम्हाला सुचत नाही.

आता बी.एड. झाल्यावर पुढे काय, हे सांगितल्याशिवाय विषयाचे महत्त्व कळणार नाही. 'बी.एड. करून ठेव, कुठेही लागशील' हा सल्ला आता चुकीचा आहे. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देवेश शर्मा प्रकरणात स्पष्ट केले की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही, तिथे डी.एल.एड.च लागेल. २०१८ मध्ये एनसीटीईने बी.एड.वाल्यांना दिलेली ती वाट बंद झाली. आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळा बहुसंख्य चौथी-पाचवीपर्यंतच्या आहेत. म्हणजे बी.एड.वाल्याचे रान सहावीपासून सुरू होते. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो, आणि त्यातही १५० पैकी ६० गुण एकतर गणित-विज्ञानाचे किंवा सामाजिक शास्त्रांचे. इथेही पदवीच दिशा ठरवते. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवेत असलेल्या शिक्षकांनाही टीईटीची अट लावली. ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त शिल्लक आहे त्यांना दोन वर्षांची मुदत दिली. त्यामुळे टीईटी टाळून कुठल्यातरी संस्थेत आधी चिकटायचे आणि मग बघायचे, हा मार्गही संपला.

त्यानंतर टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची. तिचे वेळापत्रक पाहा: २०१७, मग २०२३, मग २०२५. पहिल्या दोन परीक्षांमध्ये पाच वर्षांहून अधिक काळ गेला. त्या काळात बी.एड. झालेली एक अख्खी पिढी वीटभट्टीच्या हिशेबाला, पतसंस्थेच्या वसुलीला आणि इंग्रजी शाळेत पाच-सात हजारांवर लागली. टेटचे गुण घेऊन पवित्र पोर्टलवर जायचे, तिथे जाहिरात विषयवार असते. नववी-दहावीला इंग्रजीचा शिक्षक हवा असेल तर पदवीला इंग्रजी लागते. तुम्हाला २०० पैकी १५० पडले असतील आणि तुमच्या विषयाची जागाच जाहिरातीत नसेल, तर ते गुण कपाटात राहतात. आणि निवड झालीच तर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक. २०२३ पासून त्याचे मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांत माध्यमिक शाळा मुख्यतः खाजगी अनुदानित संस्थांच्या आहेत. काही जागा मुलाखतीशिवाय भरल्या जातात, काही मुलाखतीसह. मुलाखतीच्या खोलीत काय चालते यावर आम्ही वेगळे लिहू. आज एवढेच म्हणतो की अनुसूचित जातींसाठी १३ टक्के जागा आहेत, पण बिंदुनामावलीतला आपला बिंदू कोणत्या विषयाला जोडला जातो, हे आपण कधी विचारत नाही. आपल्याकडे उमेदवार इतिहासाचे आणि बिंदू जोडला विज्ञानाला, तर 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा मारायला कुणाला कष्ट पडत नाहीत. माहिती अधिकारात संस्थेची बिंदुनामावली मागता येते, शिक्षणाधिकाऱ्यांकडे मागता येते. ज्या तालुक्यात आपले कार्यकर्ते पुतळ्याच्या जागेसाठी दहा वर्षे पाठपुरावा करू शकतात, त्या तालुक्यात एका अर्जाचा पाठपुरावा जड नाही.

कागदपत्रांकडे वळतो, कारण दरवर्षी गुण असूनही काही जागा इथे जातात. विज्ञान शाखेची मुले बारावीलाच जात पडताळणी करून घेतात, कारण पुढे अभियांत्रिकी-वैद्यकीयला ती लागते. कला शाखेच्या मुलांना बी.ए.ला कुणी विचारत नाही, त्यामुळे बी.एड.च्या प्रवेशावेळी ती पहिल्यांदा जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीच्या दारात येतात, तेही शेवटच्या आठवड्यात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. आपल्या घरांमध्ये यात एक गुंता असतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'महार', वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध', मुलाच्या दाखल्यावर 'हिंदू महार' किंवा नुसते 'नवबौद्ध'. राज्यात धर्मांतरित बौद्धांना सवलती १९६० पासून आहेत आणि केंद्रात १९९० च्या दुरुस्तीपासून. बौद्ध लिहिल्याने आरक्षण जात नाही, हे आजही समजावून सांगावे लागते. बौद्ध धर्मांतरितांसाठी जातीच्या प्रमाणपत्राचा वेगळा नमुना आहे, तोच मागून घ्यावा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, ते तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधावे लागते. हे काम मोडीत असते, वेळखाऊ असते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत करण्यासारखे असते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला ते उरकले तर प्रवेशाच्या वेळी रडारड होत नाही.

शिष्यवृत्तीची एक अट मुद्दाम सांगतो. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्या योजनेच्या जुन्या नियमावलीत एक व्यावसायिक शिक्षण पूर्ण केल्यावर दुसऱ्या व्यावसायिक शिक्षणाला शिष्यवृत्ती नाही असे लिहिलेले होते, आणि उदाहरण दिले होते नेमके बी.एड.नंतर एलएल.बी.चे. आपल्याकडे 'आधी बी.एड. करू, नोकरी नाही लागली तर वकिली करू' असा विचार सर्रास असतो. तो करण्यापूर्वी समाजकल्याण कार्यालयात जाऊन चालू वर्षाचा नियम विचारा.

दोन वर्षांच्या खर्चाबद्दलही. बी.एड. पूर्वी एक वर्षाचे होते, २०१५-१६ पासून दोन वर्षांचे झाले. त्यामागे न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाचा २०१२ चा अहवाल होता, आणि तो आयोग नेमला गेला तोच महाराष्ट्रातल्या अध्यापक विद्यालयांना वाटलेल्या मान्यतांच्या वादातून. प्रशिक्षण कसून व्हावे हा हेतू चांगला होता. नियमाप्रमाणे वर्गात ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेत ९० टक्के हजेरी लागते, आणि आंतरवासिता दोन वर्षांत मिळून २० आठवड्यांची. ज्याच्या घरी रोजचा पगार आल्याशिवाय चूल पेटत नाही, त्याने ही हजेरी कशी भरायची? मग 'यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या' म्हणणारी कॉलेजे भेटतात आणि त्या गैरहजेरीचे वेगळे पैसे घेतात. अशा ठिकाणी गेलेल्या मुलाच्या हाती पदवी येते, पण चाळीस मुलांच्या वर्गापुढे तो एकदाही उभा राहिलेला नसतो. आपल्या मुलांनी त्या वाटेला जाऊ नये असे आम्ही म्हणतो, आणि म्हणताना आम्हाला हेही ठाऊक असते की त्यांना पर्याय देण्याइतके आपले वसतिगृह, आपला निधी, आपली शिष्यवृत्ती उभी राहिलेली नाही. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च किती, हे वाचकांना आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे.

पुढची काही वर्षे आणखी उलथापालथीची आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगते की २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी असेल. तिचा प्रवेश बारावीनंतर, राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षेने. एनसीटीईने फेब्रुवारी २०२५ मध्ये जो मसुदा काढला त्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांना एक वर्षाचे बी.एड. आणि तीन वर्षांच्या पदवीवाल्यांना दोन वर्षांचे, अशी मांडणी आहे. कागदावर हिशेब सारखाच दिसतो, बारावीनंतर पाच वर्षे. पण एकात्मिक पदवीला चारच लागतात. एक वर्ष वाचवायचे तर सतराव्या वर्षी ठरवावे लागणार की आपल्याला शिक्षक व्हायचे आहे आणि अमुक विषयाचा व्हायचे आहे. ज्या घरात आई-वडील शिकलेले आहेत तिथे हे ठरते. आपल्या घरात ते सतराव्या वर्षी कोण ठरवणार?

शिवाजी विद्यापीठाच्या सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांमध्ये नव्या धोरणाप्रमाणे मेजर-मायनरची रचना आली आहे. इथे आपण आजच एक प्रश्न लेखी विचारला पाहिजे: मायनर म्हणून शिकलेला विषय बी.एड.च्या मेथडसाठी आणि पुढे पवित्र पोर्टलवरच्या भरतीसाठी धरणार की नाही? धरणार असेल तर समाजशास्त्र मेजर घेणाऱ्या मुलीला भूगोल किंवा इंग्रजी मायनर घे असे आज सांगता येईल. धरणार नसेल तर तेही आज कळायला हवे. उत्तर तोंडी चालणार नाही, विद्यापीठाच्या सहीशिक्क्याचे हवे. युवक संघटनांनी हे निवेदन कुलसचिवांना द्यावे. मसुदा आम्ही करून देतो.

जतच्या पूर्व भागातल्या मित्रांसाठी एक वेगळी सूचना. तिथे घरात कन्नड बोलणारी आपली कुटुंबे आहेत आणि कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. कन्नड लिहिता-वाचता येणे ही तिथे पात्रता आहे, ओझे नव्हे. मराठी शाळेत गेल्यावर मुले कन्नड लपवायला शिकतात, ते थांबवा.

आणि इंग्रजीचे. राज्यात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. शंभर गुणांचा विषय, प्रत्येक इयत्तेला तास. बी.ए.ला इंग्रजी विशेष घ्यायला आपली मुले घाबरतात, कारण नापास होण्याची भीती. शाळेत ज्यांना इंग्रजी नीट शिकवले गेले नाही, ती इंग्रजी घेत नाहीत, म्हणून पुढच्या पिढीलाही नीट शिकवणारे मिळत नाहीत. हे चक्र एका गावात एका मुलाने तोडले तरी पुरे. तालुक्याच्या विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी इंग्रजीचा आणि दोन संध्याकाळी गणिताचा वर्ग, अकरावी-बारावीच्या मुलांसाठी, निवृत्त शिक्षकांनी चालवलेला. काही ठिकाणी आम्ही सुरू केला आहे. दिवाळीनंतर पोरे गळतात, काही राहतात.

यंदापासून आम्ही आमचे टेबल सीईटीच्या निकालानंतर लावण्याऐवजी बारावीच्या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी लावणार आहोत. एका कागदावर दहावीचे सहा विषय, त्यासमोर लागणारी पदवी, त्यासमोर जवळचे कॉलेज जिथे तो विषय आहे, आणि एसटीच्या पासाचा खर्च, एवढेच लिहिलेले असेल. तालुकावार कागद वेगळा, कारण आटपाडीचे उत्तर कराडला लागू पडत नाही. ज्यांना आपल्या तालुक्याचा कागद तयार करायचा आहे त्यांनी आपल्या भागातल्या कॉलेजांची विषययादी जमवायला आतापासून लागावे.

माणची ती मुलगी आता बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, इतिहासाचे पाठ घेते आणि समाजशास्त्रात एम.ए. करण्याचा विचार करते आहे, म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयाचा रस्ता तरी मोकळा राहील. तिचा धाकटा भाऊ परवा तिच्यासोबत आला होता. त्याची बारावी कला शाखेतून झाली आहे. फॉर्म अजून भरलेला नव्हता. तिने तो आमच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "याला आधी विचारायला घेऊन आलेय."